समुद्रकाठी गुंडाळती लीश नकोच, सहा फुटांची साधी लीश पुरे

सुरूचं बन:
आधी शब्द ठरवू. गळ्यात असतो तो पट्टा, आपल्या हातात असते ती लीश. दुकानदार दोन्हींना पट्टाच म्हणतो आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

माझं म्हणणं असं की गोव्यात कुत्रा फिरवायला 4 ते 6 फुटांची, एकाच लांबीची, सपाट नायलॉनची लीश घ्यावी. 10 किलोपर्यंतच्या कुत्र्याला 15 मिमी रुंदी चालते, 25 किलोपर्यंत 20 मिमी, त्यावर 25 मिमी. बटण दाबून लांब-आखूड होणारी, डबीत गुंडाळली जाणारी लीश इथे वापरूच नये.

कारण एक, आपले रस्ते. गावातल्या रस्त्याला फुटपाथ नसतो. एका बाजूला चिऱ्यांची भिंत, दुसऱ्या बाजूला गटार, मधून पदेराची (पाववाल्याची) सायकल आणि तिच्यामागे स्कूटर. कुत्रा 5 मीटर पुढे, मालक भिंतीशी, आणि मध्ये पहाटेच्या उजेडात न दिसणारी बारीक दोरी. सायकलवाल्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

कारण दोन, झटका. 25 किलोचा कुत्रा सेकंदाला 5 मीटर वेगाने पळत सुटला आणि ब्रेक लागल्यावर 30 सेंमीत थांबला, तर सरासरी ओढ 100 किलोच्या वर जाते. ती त्याच्या मानेवर आणि तुमच्या मनगटावर येते. लीशमध्ये 4-5 फुटांचाच सैलपणा असेल तर तो वेग गाठायला त्याला जागाच मिळत नाही.

कारण तीन, ती प्लास्टिकची डबी. हातातून सुटली की खडखडत कुत्र्याच्या मागे येते. तो घाबरून पळतो, डबी त्याच्या मागे पळते, तो आणखी जोरात पळतो. रस्त्याकडेला असं झालं तर काय होईल ते सांगायला नको.

आणि ही लीश कायम थोडी ताणलेलीच असते. ओढलं की पुढे जायला मिळतं, एवढंच कुत्रा तिच्याकडून शिकतो.

मांडवीपलीकडे:
अर्धं मान्य, अर्धं अजिबात नाही. तुम्ही वर्णन केलीत ती दोरीची लीश. ती वाईटच, बोटाला वेढा बसला तर बोट कापलं जातं. पण फितीची मिळते, पूर्ण लांबीभर सपाट पट्टी असलेली. ती दिसते आणि कापत नाही.

8 किलोचा म्हातारा कुत्रा पणजीतल्या कांपालच्या मोकळ्या हिरवळीवर हुंगत फिरतोय, त्याला 6 फुटांत का जखडायचं? रस्त्यावर ब्रेक लावून 4 फुटांवर ठेवा, हिरवळीवर सोडा. दोष वापरणाऱ्याचा आहे. डबीवर कुत्र्याच्या वजनाची मर्यादा छापलेली असते, ती न वाचता लॅब्रॉडोरला पगची लीश लावली तर स्प्रिंग तुटणारच.

निगा अशी घ्या. किनाऱ्यावरून आल्यावर फीत पूर्ण बाहेर ओढून लॉक करायची, गोड्या पाण्याने धुवायची, सावलीत पूर्ण सुकवायची आणि मगच आत सोडायची. ओली फीत गुंडाळली की आत बुरशी धरते, स्प्रिंगला गंज चढतो. वाळूचा एक कण ब्रेकच्या दात्यात बसला तरी बटण अर्धंच दाबलं जातं.

सुरूचं बन:
जुलैत ती पूर्ण कधी सुकते ते सांगा. घरात वाळत घातलेले कपडे तीन दिवस ओले राहतात. आणि ब्रेकमध्ये वाळू आहे हे कळतं ते नेमका ब्रेक लागायला हवा असतो तेव्हाच. म्हाताऱ्या, हळू चालणाऱ्या लहान कुत्र्यापुरतं तुमचं मान्य करतो. बाकीच्यांसाठी नाही.

खाजनबांध:
दोघंही कुत्र्याच्या नाकाला विसरताय. रोज 40 मिनिटं 6 फुटांवर चालवलेला कुत्रा पाय हलवून येतो, डोकं तसंच भरलेलं राहतं. हुंगणं हाच त्याचा फिरण्याचा अर्थ आहे. त्यासाठी डबी नको आणि मोकळं सोडणंही नको, लांब लीश हवी. 8 ते 10 मीटर, बायोथेनची, म्हणजे प्लास्टिकचा लेप दिलेली पट्टी. पाणी पीत नाही, चिखल पुसला की जातो, पावसाळ्यात वास धरत नाही. नायलॉनची लांब लीश खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतजमिनीच्या, बांधावर एकदा भिजली की दुप्पट जड होते आणि काटेकुटे गोळा करते.

पण तिचे नियम पाळलेच पाहिजेत. ती पट्ट्याला कधीही लावायची नाही, फक्त हार्नेसच्या, म्हणजे छाती-पाठीभोवती घालायच्या पट्ट्यांच्या, पाठीवरच्या कडीला. 8 मीटर धावून मानेला बसलेला हिसका श्वासनलिकेला इजा करू शकतो. हार्नेस छातीसमोर वाय आकाराचा, मधली पट्टी उरोस्थीवर (छातीच्या मधल्या हाडावर), बगलेच्या मागे दोन-तीन बोटं जागा. खांद्यावरून आडवी पट्टी जाणारा नको, पाय पुढे टाकताना तो अडवतो.

टोकाचा हातात घालायचा फास कापून टाका, कारण सुटली तर तो बांधावरच्या खुंटात अडकतो. त्याऐवजी शेवटच्या 3 मीटरमध्ये दर मीटरला एक गाठ मारा. सुटू लागली तर पाय ठेवायला आणि पकडायला गाठ मिळते. उरलेली लीश नागमोडी घड्या करून तळहातावर धरायची. हाताला किंवा बोटांना वेढे द्यायचे नाहीत, ओढ आली की तोच वेढा आवळतो. नवीन असाल तर साधे सुती हातमोजे घाला. आणि संध्याकाळनंतर बांधावर लांब लीश नको. भाताच्या दिवसांत उंदरांमागे घोणस येते. तेव्हा 4 फूट आणि बॅटरी.

चिऱ्याची भिंत:
लांबीवर एवढी चर्चा झाली, पण कुत्रा सुटतो तो बहुतेक वेळा लांबीमुळे नाही, हुकामुळे. याबद्दल कोणी काही लिहिलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

बाजारातल्या बहुतेक लीशचा हुक जस्ताच्या मिश्रधातूचा, ओतीव, वर निकेलचा चकचकीत मुलामा. किनाऱ्यावरच्या खारट हवेत मुलाम्याला बारीक फोड येतात आणि आत पांढरी पूड तयार होते. बाहेरून हुक ठीक दिसतो. आतल्या छोट्या स्प्रिंगला मात्र गंज चढून ती सुस्त होते आणि हुकाची जीभ पूर्ण मिटत नाही, काडीएवढी फट राहते. कुत्रा वळला, कडी त्या फटीवर आली, की हुक सुटलाच.

तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. अंगठ्याने जीभ मागे ओढा आणि सोडून द्या. ती स्वतःहून, टक्क आवाज करून मिटली पाहिजे. हळूच सरकत आली किंवा बोटाने ढकलावी लागली तर हुक टाकून द्या. मग फिरकी बघा, हुकाच्या बुडाशी फिरणारा भाग. तिथे वाळू अडकली की लीशला पीळ पडतो आणि हुक कडीवर आडवा येतो.

पितळी किंवा 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा हुक घ्या. 304 वर समुद्राच्या हवेत तपकिरी डाग येतात. बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानात 316 मिळतो. दुकानदाराने पितळ म्हणून दिलेला हुक कोपऱ्यात खिळ्याने ओरखडून बघा. आतून पिवळा दिसला तर पितळ, करडा दिसला तर जस्त. वाळूतून आलं की गोड्या पाण्यात बुडवून जीभ दहा वेळा उघडझाप करा, सुकवा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका. खोबरेल नको, ते चिकट होऊन वाळू धरतं.

पट्ट्यावरची कडीही बघा. सांधा न जोडलेली, नुसती वाकवलेली कडी ओढीने उघडते.

मोकळं अंगण:
गोव्यातला गावचा कुत्रा कधी बांधला जात नव्हता. अंगणात झोपायचा, सकाळी शेतापर्यंत यायचा, हाक मारली की परत. तो भांडत नव्हता कारण त्याला पळायला वाट होती. बांधलेला कुत्रा समोरच्या कुत्र्यापासून लांब जाऊ शकत नाही, म्हणून भुंकतो. लीशवरची भांडणं आपणच तयार करतो. पहाटे साडेपाचला किनाऱ्यावर माणूस नसताना शिकवलेला कुत्रा सोडला तर बिघडतं कुठे?

केंडमासा:
बाब, लीशवर कुत्रा जास्त चिडतो हे खरं आहे. पण पहाटेचा किनारा रिकामा नसतो.

पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात. नको असलेला मासा रापणकार वाळूवरच टाकतात आणि त्यात केंड (अंग फुगवणारा मासा) असतो. केंडात टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं, ते सुकल्यावर किंवा शिजवूनही जात नाही. कुत्र्याने चघळला तर लाळ गळते, पाय लटपटतात आणि श्वासाचे स्नायू बंद पडू शकतात. त्यावर उतारा नाही, डॉक्टर फक्त श्वास चालू ठेवू शकतात. सोडलेला कुत्रा 50 मीटरवर काय उचलतोय ते तुम्हाला दिसणार नाही.

दुसरं, कासवं. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबरपासून. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, ती वाळूत दीडएक फुटावर. आपल्याला तिथे नुसती वाळू दिसते, कुत्र्याच्या नाकाला तेवढी खोली काहीच नाही. पिल्लं बाहेर यायला 45 ते 60 दिवस लागतात, म्हणजे धोका मे महिन्यापर्यंत. हा प्राणी 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. या चार किनाऱ्यांवर त्या महिन्यांत शिकवलेला कुत्राही सोडू नये. यावर मी मागे हटणार नाही.

आणि कायदा म्हणाल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 बघा. प्राणी निष्काळजीपणे सांभाळल्याने माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याची शक्यता असेल तर 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मोकळं अंगण:
कासवांचं मान्य, त्या चार ठिकाणी नाही सोडणार. पण कायद्याचं एकच पान वाचू नका. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 प्रमाणे फार आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं गुन्हा आहे, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हाही. दिवसभर गेटला बांधून ठेवायचं आणि दहा मिनिटं आखूड लीशवर फिरवून आणायचं, हे कोणत्या जबाबदारीत बसतं?

खाजनबांध:
बसत नाहीच. पण ‘शिकवलेला’ म्हणजे काय ते मोजून ठरवा. लांब लीशवर ठेवून वेगवेगळ्या ठिकाणी हाक मारा: समोर गाय असताना, मासळीचा वास असताना, दुसरा कुत्रा 20 मीटरवर असताना. दहापैकी नऊ वेळा 3 सेकंदांच्या आत वळला तर पुढचं बोलू. घरच्या अंगणात येतो म्हणजे शिकला असं नाही. आणि आला की दर वेळी लीश लावून घरी नेऊ नका, खाऊ देऊन पुन्हा सोडा. नाहीतर हाक म्हणजे मजा संपली, असं त्याच्या डोक्यात बसतं.

मांडवीपलीकडे:
रस्त्यावरची भटकी कुत्री अंगावर आली तर काय करायचं यावर कोणी लिहा. सगळ्यात जास्त लोक तिथेच चुकतात.

केंडमासा:
पहिली चूक म्हणजे लीश आवळणं. लीश ताठ झाली की कुत्र्याची मान वर येते, छाती पुढे येते, आणि समोरच्या टोळीला ते आव्हान वाटतं. लीश आखूड धरा, पण खाली लोंबती, इंग्रजी यू अक्षरासारखी. पळू नका. कमानीसारखं वळून त्यांच्या हद्दीतून बाहेर पडा, बहुतेक टोळ्या त्यापुढे येत नाहीत. जवळ आलीच तर छत्री उघडून मध्ये धरा, ती चाल पुष्कळदा थांबवते. छत्रीने मारायचं नाही. लहान कुत्रा उचलून छातीशी धरला की बाकीचे उड्या मारतात, म्हणून उचलणं शेवटचा उपाय, तेव्हा पाठ भिंतीला लावून. रेबीजची लस दरवर्षी वेळेवर, आणि कुत्रा चावलाच तर माणसाने जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा.

चिऱ्याची भिंत:
शी उचलण्याचंही लिहा. ‘वाळूत पुरली’ हे उत्तर चालणार नाही. भरतीच्या रेषेवरची दमट, उबदार वाळू शीतून येणाऱ्या अंकुशकृमी नावाच्या जंताच्या अळ्यांना हवी तशीच असते. त्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात आणि लालसर नागमोडी रेघ उठते, भयंकर खाजते. वर्तमानपत्राचा चौकोन आधी खाली सरकवला तर वाळूसकट उचलता येते. दोन पिशव्या, एक फाटते. आणि दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, वजन बघून.

सुरूचं बन:
माझा आग्रह थोडा सैल करतो. रस्त्यावर 6 फूट, बांधावर आणि मोकळ्या जागी हार्नेसला लांब लीश. गुंडाळती लीश मात्र समुद्रकाठी अजूनही नको, हुकाचं वाचल्यावर तर जास्तच. एक राहिलं: दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्री आणि फेस्ताच्या (चर्चच्या उत्सवाच्या) आतषबाजीत कुत्रे पट्ट्यातून मान मागे काढून निसटतात. देशी कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा फार मोठं नसतं, त्यामुळे दोन बोटं जातील एवढा घट्ट पट्टाही त्याला रोखत नाही.

खाजनबांध:
त्या रात्री मार्टिंगेल पट्टा, ओढ आली की ठरावीक मापापर्यंतच आवळणारा. आवळल्यावर त्याच्या दोन कड्या एकमेकींना टेकता कामा नयेत, टेकल्या तर पट्टा सैल आहे. शिवाय हार्नेस, आणि दोन्हींना जोडणारा दोन हुकांचा छोटा तुकडा.

मोकळं अंगण:
तो तुकडा किती लांब घ्यायचा?

खाजनबांध:
वीतभर. हार्नेसवर ओढ असताना पट्ट्याकडची बाजू सैल लोंबली पाहिजे. ताठ झाली तर लांब घ्या, पुढच्या पायात अडकली तर आखूड करा. आणि त्याचेही दोन्ही हुक टक्क वाजतात का ते बघा.