मदत हवी आहे: अंगणातल्या हिरव्या दगडात अ‍ॅस्बेस्टॉस?

नमस्कार मंडळी, आम्ही कॅलिफोर्नियात एल डोराडो हिल्सला घर बघतोय आणि मागच्या अंगणात हिरवट गुळगुळीत सर्पेंटाइन दगड निघालाय (१९६५ पासून हाच इथला राज्य-दगड, काय बोलणार!). त्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात म्हणे. दगड नुसता पडून असला तर एवढं काही नाही, पण खणलं, फोडलं की धूळ फुफ्फुसात जाते आणि मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) वीस-चाळीस वर्षांनी कधीतरी वर येतो, म्हणून पोरांचीच काळजी वाटते. २००४ मध्ये ईपीएने (अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था) इथल्या मैदानांवर तपासणी केली तेव्हा खेळताना उडणाऱ्या धुळीत तंतू सापडले होते. नवरा म्हणतो उगाच घाबरतेस. कुणी मातीची टेस्ट करून घेतलीय का? खर्च किती आला? वरून चांगली माती टाकून लॉन केलं तर भागतं का?