शाळेत मानसशास्त्र शिकवावं का?

खडूची पूड (धागा)

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना मी सहा वर्षं मानसशास्त्र शिकवते आहे. विषय ऐच्छिक. तो बंद करा आणि ते तास गणिताला द्या, अशी मागणी दर वर्षी कुणी ना कुणी करतंच. या वर्षी पालकसभेत एका आईनं थेट विचारलं, "या वयात मनाबिनाचं कशाला डोक्यात भरवता?" मला तिथे धड उत्तर देता आलं नाही. ते इथे देते.

पहिल्या तासाला मी एक प्रश्नावली भरून घेते. दुसऱ्या तासाला प्रत्येकाच्या हातात त्याच्या नावाचं बंद पाकीट. आत त्याच्या स्वभावाचं वर्णन: लोकांनी आपल्याला मानावं असं तुला वाटतं, स्वतःच्या चुका तू फार मनाला लावून घेतोस, वरून शांत दिसलास तरी आतून धाकधूक असते, वगैरे. वर्णन कितपत जुळतं, पाचपैकी गुण द्या म्हटलं की बहुतेक जण चार किंवा पाच देतात. मग मी म्हणते, आता शेजाऱ्याशी कागद बदला. आधी सगळे गप्प, मग एकच गलका. सगळ्या कागदांवर तोच मजकूर!

हा प्रयोग अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांवर केला होता. सरासरी आली ४.२६, आणि मजकूर मुख्यतः ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. मागच्या वर्षी एका मुलानं तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि हळूच म्हणाला, "पण मॅडम, मला खरंच वाटलं होतं, कुणीतरी मला ओळखलं."

आपलं मन आपल्याला कसं फसवतं, हे मूल स्वतः रंगेहाथ पकडतं. दुसऱ्या कुठल्याही तासाला हे होत नाही. म्हणून हा विषय हवाच, असं माझं ठाम मत आहे. विरोधी मतं जरूर मांडा.

दोघांची आई

माझा विरोध आहे, आणि तो ऐकीव गोष्टींवरून नाही.

माझ्या मुलीनं हा विषय घेतला. दोन महिन्यांत घरात नवीन शब्द आले. बाबा 'नार्सिसिस्ट' (स्वतःच्याच प्रेमात असलेला), धाकट्याला 'एडीएचडी' (लक्ष न टिकण्याचा विकार), मी 'टॉक्सिक'. वय आहे, बोलेल, म्हणून आम्ही सोडून दिलं. मग एक दिवस तिच्या वहीचं शेवटचं पान माझ्यासमोर आलं. रेघ मारून दोन रकाने केलेले. डावीकडे मैत्रिणींची नावं, उजवीकडे आजार. एका नावासमोर 'बायपोलर', खाली दोन रेघा. ते पान त्या मुलीनं वर्गात पाहिलं होतं. चार दिवस ती शाळेत आली नाही. मी आणि माझी लेक तिच्या घरी जाऊन माफी मागून आलो. तिची आई दारातच उभी होती, तिनं आम्हाला आत बोलावलं नाही. मी तिला दोष देत नाही.

माझी मुलगी वाईट नाही. तिला लक्षणांची यादी पाठ करायला दिली आणि ती यादी कुणाला लावायची नाही, हे कुणी सांगितलं नाही. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मोठ्या मुलांनाही जो रोग शिकतात तोच आपल्याला झालाय असं वाटायला लागतं म्हणतात. मग पंधराव्या वर्षी काय होणार?

शेवटचा बाक

ताई, वाचून वाईट वाटलं. तरी मी धाग्याच्या बाजूनं लिहितो, कारण मला या विषयानं तारलं.

मी तासन्‌तास वाचायचो. धडा पाच-पाच वेळा, पिवळ्या पेनानं रंगवून. परीक्षेत पाटी कोरी. घरचे म्हणायचे लक्ष नाही, मी म्हणायचो डोकं नाही. मग वर्गात एबिंगहाऊस आला, स्मरणशक्तीवर प्रयोग करणारा जर्मन मानसशास्त्रज्ञ. यानं निरर्थक अक्षरजोड्या स्वतःच पाठ केल्या, स्वतःच तपासल्या आणि आपण किती वेगानं विसरतो ते १८८५ साली छापलं. सरांनी पुढे २००६ सालचा रोडिगर आणि कार्पिक यांचा प्रयोग सांगितला. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं तो मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्यानं विचारलं तर वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ५६.

त्या रात्री मी पुस्तक मिटलं आणि कोरा कागद घेतला. पहिल्या दिवशी चार ओळी लिहिता आल्या. रडू आलं होतं, खरं सांगतो. पण माझं डोकं ठीक आहे, पद्धत चुकत होती, हे मला त्या तासानं सांगितलं. दहा वर्षं बाकीचे सगळे विषय शिकलो, पण शिकायचं कसं हे त्यातल्या एकानंही सांगितलं नव्हतं.

पुरावा दाखवा

माझा आक्षेप वेगळा आहे. शाळेत जे शिकवलं जातं त्यातलं खरं किती? स्टॅनफर्डचा १९७१ सालचा तुरुंगाचा प्रयोग अजून 'सत्ता मिळाली की माणूस क्रूर होतो' याचा पुरावा म्हणून सांगतात. त्यात तरुण विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवलं होतं. तो दोन आठवड्यांचा होता, सहा दिवसांत थांबवला, इथपर्यंत ठीक. पण पहारेकऱ्यांना कडक वागायला आधीच सुचवलं गेलं होतं, हे नंतर कागदपत्रांतून आणि ध्वनिफितींतून पुढे आलं. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर जेमतेम ३६ टक्क्यांत तसाच ठळक निष्कर्ष मिळाला. एवढ्या डळमळीत पायावर मुलांना उभं करण्यापेक्षा आधी संख्याशास्त्र नीट शिकवा.

खडूची पूड

@पुरावा दाखवा, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि मी तोच शिकवते. न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. वर्तमानपत्रानं छापलं, ३८ जणांनी पाहिलं आणि कुणी हललं नाही. ही बातमी मी वाचून दाखवते, मुलं संतापतात. पुढच्या तासाला सांगते की तो आकडा फुगवलेला होता, बहुतेकांनी हल्ला धड पाहिलाही नव्हता. आणि तरी त्या बातमीवरून सुचलेला १९६८ सालचा डार्ली-लाताने यांचा प्रयोग समोर ठेवते. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला अपस्माराचा झटका आल्याचं कानावर पडतंय. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटलेल्यांपैकी ८५ टक्के वेळेत मदतीला धावले. आणखी चौघे ऐकतायत असं वाटलेल्यांपैकी फक्त ३१. बातमी खोटी निघाली तरी प्रश्न खरा असू शकतो, यावर मुलं तासभर भांडतात. संख्याशास्त्र त्या भांडणातच शिकवता येतं. नुसत्या सूत्रांत त्यांना रस नसतो.

@दोघांची आई, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. उद्या लिहिते.

ऐकून घेणारा

मी शाळेत समुपदेशक आहे. मी बाजूनं बोलेन असं वाटेल, पण मी निम्मा विरोधात आहे.

बाजू आधी. आयुष्यात कधीतरी मानसिक आजार होणाऱ्यांपैकी निम्म्यांत तो चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेला असतो, हे केसलर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली अमेरिकेतल्या पाहणीतून मांडलं. म्हणजे मुलं ज्या बाकांवर बसलीयत तिथेच ते चालू असतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना 'पोटात दुखतं' यापलीकडे शब्द नसतो. शब्द मिळाला तर ती लवकर येतात.

आता विरोध. विषय सुरू झाला की शाळेला वाटतं, मुलांच्या मनाचं आपण बघितलं. मी आधी जिथे होतो तिथे मानसशास्त्राचा तास वाढला आणि माझे आठवड्यातले दिवस पाचाचे दोन झाले. तास संपल्यावर जे मूल टेबलाशी घुटमळतं आणि सगळे गेल्यावर बोलायला लागतं, त्याचं शिक्षकानं काय करायचं? ते कुणी शिकवलेलं नसतं. विषय ठेवा, पण त्याच इमारतीत रोज बसणारा माणूस आधी नेमा.

खडूची पूड

आईला उत्तर. आजारांचा धडा माझ्याही पुस्तकात आहे. मी तो शेवटी घेते, आणि वर्गात किंवा घरात कुणाचं नाव घ्यायचं नाही एवढं बजावते. पण वह्यांची शेवटची पानं मी कधी पाहिलेली नाहीत. माझ्या वर्गात तसं पान निघणार नाही, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पालकसभेत मी ज्या आईवर मनातून चिडले, तिच्या घरी काय झालं होतं हेही विचारलं नाही. उद्या फोन करते.

दोघांची आई

आभार. काल रात्री तुमचा पाकिटाचा प्रयोग मी माझ्या लेकीवर केला. शाळेतून आलंय म्हणून सांगितलं. तिनं पाचपैकी पाच दिले. मग मी धाकट्याचा कागद तिच्यापुढे ठेवला. बराच वेळ ती दोन्ही कागद पाहत राहिली. म्हणाली, "आई, म्हणजे ती लक्षणांची यादी पण अशीच होती का? कुणालाही लागेल अशी?"

मला पूर्ण उत्तर देता आलं नाही. काही आजार खरे असतात आणि ते डॉक्टरच ओळखतात, एवढं बोलले. आजारांचा धडा शाळेत नसावा हे माझं मत अजून तेच आहे. पण ठेवणारच असाल तर पाकीट त्याआधी द्या. माझ्या मुलीच्या वर्गात यादी आधी आली होती.