गावच्या केंद्रावर जाऊन शहरातल्यांनी लस घेतली, ते बरोबर होतं का?

पिंप्राळेकर

मे २०२१मध्ये मी कोविशिल्डचा पहिला डोस घेतला. तो यावल तालुक्यातल्या एका गावाच्या वाट्याचा होता आणि मी तो घ्यायला नको होता, असं माझं मत आहे. इतक्या दिवसांत ते बदललं नाही, म्हणून इथे मांडतोय. विरोधात असाल तर तसंही सांगा.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १ मेपासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली, पण कोविन या सरकारी पोर्टलवर आधी वेळ घेतली असेल तरच. लसच अपुरी, त्यामुळे या वयासाठी केंद्रं मोजकी. जळगाव शहरातल्या जागा उघडल्या की दोन-तीन मिनिटांत भरायच्या. मी तेव्हा चौतीस वर्षांचा, घरात दम्याची आई. चार संध्याकाळी फोन घेऊन बसलो. ओटीपी येईपर्यंत जागा गेलेली असायची. मग एका मित्राने सांगितलं, खेड्यातला पिनकोड टाकून बघ. टाकला आणि लगेच वेळ मिळाली.

सकाळी मोटारसायकल काढली, विदगावच्या पुलावरून तापी ओलांडली. त्या गावात मी आधी कधी गेलो नव्हतो, ओळखीचंही कोणी नव्हतं. केंद्रासमोर निंबाखाली पंचवीस-तीस जणांची रांग. बहुतेकांच्या हातात हेल्मेट, पाठीला सॅक. सगळे माझ्यासारखेच, जळगाव-भुसावळकडचे.

रांगेच्या बाहेर एक जोडपं उभं होतं, तिशीतलं. त्याच्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग, तिच्या कडेवर पोर. आधार कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेली. दारावरच्या माणसाने विचारलं, ऑनलाइन नंबर लावला का? त्यांना ते काय, हेच कळेना. मग नाही होणार, हे सगळे बुकिंगवाले आहेत, असं त्याने सांगितलं. आवाज चढवला नाही, नियम सांगितला. त्या माणसाने आमच्या रांगेकडे एकदा पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "गाव आपलं, दवाखाना आपला, अन् सुई दुसऱ्याले."

रांगेतलं कोणी काही बोललं नाही. मीही नाही. लस घेऊन अर्धा तास आत बसलो, बाहेर आलो तेव्हा ते दोघं गेले होते.

मी नियम मोडला नाही. माझी जागा त्याला देताही आली नसती, कारण वेळ घेतल्यावर मिळणारा चार आकडी कोड माझ्या नावावर आला होता. पण पिनकोड टाकताना तिथे कोण राहतं, त्यांना कुठून मिळणार, हा विचार माझ्या मनाला शिवलाच नाही. पुढे कधी अशी वेळ आलीच तर खेड्यातल्या केंद्रावर निम्मे डोस तरी दारात नाव लिहून, तिथल्याच माणसांना द्यायला हवेत.

रावेरची_केळी

शंभर टक्के सहमत. आमच्याकडे त्या दिवसांत केळीची कापणी चालू होती. ट्रक भरणारी पोरं दिवसभर एकमेकांना खेटून काम करतात, रात्री एकाच गाडीतून घरी जातात. खरा धोका त्यांना होता. लॅपटॉपवर घरून काम करणारा माणूस आणखी एक महिना थांबू शकत होता, ही पोरं एक दिवस थांबू शकत नव्हती. तरी लस आधी कोणाला मिळाली, तर ज्याच्या बोटांना वेग जास्त त्याला.

आरोग्यसेविका_निवृत्त

पिंप्राळेकर भाऊ, तुमच्या मनाला लागलं ते कळतं. पण तुमचा हिशेब मला पटत नाही. एकतीस वर्षं मी याच पट्ट्यात उपकेंद्रांवर काढली, शेवटची दोन कोरोनात.

कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस. कुपी फोडली की चार तासांत वापरायची, उरलेलं टाकून द्यायचं. म्हणून आठ-दहा माणसं जमल्याशिवाय कुपी फोडायला हात धजावत नसे, कारण वाया गेलेल्या प्रत्येक डोसाचं उत्तर वर द्यावं लागायचं.

एप्रिलमध्ये पंचेचाळीसच्या वरच्यांचं सत्र लावलं होतं. निळा डबा, आत बर्फाच्या चार पिशव्या, मी टेबलाशी. दुपारी एक वाजला तरी सहाच जण, सगळे सत्तरीच्या पुढचे. आशाताई उन्हात घरोघर फिरत होती, शेवटी मीही तिच्यासोबत निघाले. एका घरात चूल पेटलेली, तव्यावर भाकरी, आणि घरात माणूस नाही. आम्ही गल्लीत शिरलेलो बघून सगळे मागच्या दाराने केळीत गेलेले. मी तव्यावरची भाकरी उलटली, चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं आणि परत आले.

पावणेदोनला भुसावळचे दोघं आणि फैजपूरचं एक जोडपं आलं. दहा पुरे झाले. मी कुपी फोडली आणि ते सहा म्हातारे टोचून घरी गेले. हे चौघं आले नसते तर मी त्या म्हाताऱ्यांना परत पाठवणार होते. आता सांगा, बाहेरच्यांनी गावाचं घेतलं की गावाला मिळवून दिलं?

रावेरची_केळी

ताई, तुमच्या कामाला हात जोडतो. पण एप्रिल वेगळा आणि मे वेगळा. एप्रिलमध्ये लोक घाबरून पळत होते, मान्य. त्याच महिन्यात गल्लीगल्लीतून माणसं गेली, सिलिंडरसाठी लोक रात्रभर फिरले. मे उजाडेपर्यंत तीच माणसं लस मागायला दारात यायला लागली होती. तेव्हा त्यांना "ऑनलाइन नंबर लावा" म्हणून सांगितलं. पळत होते तेव्हा मागे लागलो, मागायला आले तेव्हा परत पाठवलं.

मोहाडीकर_धुळे

या धाग्यातलं बोलणं मला टोचतंय, म्हणून लिहितो.

मी धुळ्याचा. शिरपूर तालुक्यात जाऊन लस घेतली आणि मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही. माझा मोठा भाऊ एप्रिल २०२१मध्ये गेला, वय एकेचाळीस. त्याला मधुमेह-बीपी काही नव्हतं आणि वय पंचेचाळीसच्या आत, म्हणजे तोपर्यंत लस त्याच्यासाठी नव्हतीच. नऊ दिवस दवाखान्यात होता. शेवटचं बोलणं व्हिडिओ कॉलवर, तेही मास्कमुळे नीट ऐकू आलं नाही. त्यानंतर घरात कमावणारा मी एकटा, त्याची दोन मुलं आणि माझी एक. १ मेला आमच्या वयाला लस खुली झाली तेव्हा मी महाराष्ट्रातला कुठलाही पिनकोड टाकला असता. कोणाच्या वाट्याचं आहे हे विचारायची माझी परिस्थिती नव्हती.

दोष द्यायचा तर लस पुरेशी नसताना सगळ्यांना एकदम खुली केली त्याला द्या. रांगेतल्या माणसाने रांगेतल्या माणसाकडे बोट दाखवायचं, हे मला पटत नाही. पिंप्राळेकर, तुमच्या घरात दम्याची आई होती. तुम्ही लस घेतली नसती आणि आईला काही झालं असतं, तर तुम्ही आज वेगळा धागा लिहिला असता.

पिंप्राळेकर

मोहाडीकर, तुमच्या भावाचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुम्ही चुकलात असं मी म्हणणार नाही, आणि माझ्या लिहिण्यात तसं वाटलं असेल तर माफ करा. पण आईचा मुद्दा दोन्हीकडे लागू होतो. त्या केळीवाल्याच्या घरातही म्हातारी आई असेलच की. माझी आई वाचावी म्हणून मी गेलो, त्यात काही वाईट नाही. पण त्याच्या आईचा विचार करण्याची सोय त्या व्यवस्थेत कुठे होती? मला तेवढंच म्हणायचं आहे.

ताई, सहा म्हाताऱ्यांचं मला माहीत नव्हतं. ते वाचून माझं मत थोडं हललं, हे कबूल करतो.

कोर्टकचेरी

दोन गोष्टी नोंदवतो, कारण चर्चेत त्या निसटतायत.

एक : १८ ते ४४चा साठा राज्याने वेगळा विकत घेतलेला होता, पंचेचाळीसच्या वरच्यांचा केंद्र सरकारकडून यायचा. हिशेब वेगळे. त्यामुळे पिंप्राळेकरांच्या डोसामुळे कुठल्या आजोबांचा डोस गेला, असं झालं नाही. गेला असेल तर तो त्या तिशीतल्या जोडप्याचाच. आणि हे फार दिवस चाललंही नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी जाहीर केलं की दुसऱ्या डोसासाठी थांबलेले पंचेचाळीसच्या वरचे आधी, आणि राज्यात १८ ते ४४चं लसीकरण थांबलं.

दोन : "व्यवस्था अशीच होती" म्हणून सोडून देऊ नका. २४ मेला केंद्र सरकारने सरकारी केंद्रांवर या वयासाठी जागेवर नोंदणीची मुभा दिली. ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने फक्त पोर्टलवर विसंबण्यावर बोट ठेवलं : ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यापर्यंत लस पोचणार कशी? राज्यांनी आपली आपण लस विकत घ्यावी, या वयोगटाने पैसे मोजावेत, हे धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि तर्कहीन असल्याचंही त्यात म्हटलं. २१ जूनपासून केंद्राने सगळ्या प्रौढांना मोफत लस दिली. म्हणजे चूक होती आणि ती दिसतही होती. दुरुस्त व्हायला सात आठवडे लागले, आणि ते आठवडे दुसऱ्या लाटेचे होते.

आजी_अमळनेर

नातवाने वाचून दाखवलं, मी सांगते तसं तो लिहितोय. माझ्या दंडावर देवीचा वण आहे. आमच्या लहानपणी देवी टोचणारा दारात यायचा. आम्ही कणगीमागे लपायचो, माय ओढून बाहेर काढायची. तो नाव विचारायचा, टोचायचा, पुढच्या घरी जायचा. आमच्यापैकी कोणी त्याच्याकडे गेलं नाही, तो आमच्याकडे आला. देवी गेली ती अशी. कोरोनाच्या सुईला मला नातवाच्या मोबाईलचा आधार लागला. ज्यांना नातू नाही त्यांनी काय करायचं, हे मी तेव्हाही विचारलं होतं.

आरोग्यसेविका_निवृत्त

आजी, तुमचं बोलणं खरं आहे. पोलिओलाही आम्ही बुथ संपला की दुसऱ्या दिवसापासून घरोघर जायचो, पोरांच्या बोटाला शाई बघायचो. ते तंत्र आमच्या हातात होतं. कोरोनात घरोघर जायची वेळ आली ती नोव्हेंबरमध्ये, "हर घर दस्तक" अभियान निघालं तेव्हा. एप्रिलमध्येच आम्हाला तसं सोडलं असतं तर त्या भाकरीवाल्या घरात मी पाच वेळा गेले असते. पाचव्यांदा ती माणसं पळाली नसती.

एक राहिलं, ते कोणी लिहिलं नाही. लोक फक्त अफवेमुळे पळत नव्हते. लस घेतली की अंग मोडून यायचं, एक-दोन दिवस ताप. मजुराला दोन दिवसांचा रोज बुडवणं म्हणजे काय, ते पगारी माणसाला कळत नाही. मी प्रत्येकाच्या हातात पॅरासिटामॉलच्या गोळ्या ठेवायचे. त्यांचे डोळे विचारायचे, बुडालेला रोज कोण देणार? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मोहाडीकर_धुळे

ताई, रोजाचं पटलं. त्यावर वाद नाही. पण गावाचे डोस गावालाच, असा नियम केला असता तर भुसावळ-फैजपूरचे ते चौघं तुमच्या दारातून परत गेले असते. ती कुपी मग कोणी फोडली असती?

रावेरची_केळी

नियम असा करता येतो की दुपारपर्यंत गावाचं, दुपारनंतर जो येईल त्याचं. त्यात कोणाचंच नुकसान नाही.

मोलगीचा_मास्तर

जळगाव-धुळ्याचं वाचतोय. आमच्याकडे हा प्रश्नच आला नाही. नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावला शहरातून लस घ्यायला कोण येणार? नर्मदेच्या फुगवट्याकाठी मणिबेली, चिमलखेडीकडे तर आरोग्य पथकालाच बोटीने जावं लागतं.

आमची अडचण उलटी होती. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. शाळा बंद, म्हणून आम्हाला पाड्यांवर समजूत घालायला पाठवलं. मराठीतली पत्रकं दिली होती, लोक बोलतात भिलोरी आणि पावरी. पत्रक वाचून दाखवलं की माना डोलवायचे आणि कोणी यायचं नाही. एका पाड्यावर पुजाऱ्याने स्वतः आधी बाही वर केली, त्याच्यामागे कारभारी, त्याच्यामागे पोलीस पाटील. त्या दिवशी वीस-बावीस जणांनी घेतली. माझ्या सहा फेऱ्यांनी जे झालं नाही ते त्या एका बाहीने केलं.

नोंदणीचं सांगतो. पाड्यावर नेटवर्क नाही, बहुतेकांकडे फोन नाही. कोविनवर एका नंबरवर चार जणांची नावं घालता यायची. मग आम्ही शिक्षकांनी आपले नंबर दिले. वहीत नावं लिहून आणायची, टेकडीवर चढून रेंज आली की भरायची. माझ्या नंबरवर चौघांची नावं चढली. त्यातल्या तिघांचे दोन्ही डोस झाले. चौथा दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेला, दुसरा डोस राहिला. होळीला परत आला तेव्हा मी त्याला घेऊन केंद्रावर गेलो. तिथे म्हणाले, ओटीपी सांगा. ओटीपी माझ्या फोनवर येणार आणि फोन मी चार्जिंगला शाळेत ठेवून आलेलो. तेरा किलोमीटर मागे गेलो, फोन आणला. तोपर्यंत सत्र संपलं होतं. पुढच्या सत्राच्या दिवशी परत घेऊन गेलो, या वेळी फोन खिशात होता. त्याचं झालं.

शहरातून आलेल्या माणसाने लस घेतली की नाही, यावर माझं फारसं म्हणणं नाही. त्या जोडप्याचे चार आकडे भरून द्यायला रांगेतल्या तीस जणांपैकी कोणी फोन पुढे केला का, एवढंच पिंप्राळेकरांना विचारायचं होतं.

पिंप्राळेकर

नाही केला, मास्तर. माझा फोन हातातच होता.