मल्टिमीटरवर भागवू नका

‘सकाळी मल्टिमीटरवर १२.४ व्होल्ट आलं, म्हणजे बॅटरी ठीक’ असं कुणी म्हटलं, की मला ते अर्धंच पटतं. आमच्या शेतघरातल्या सोलरच्या ट्युब्युलर (पाणी टाकायच्या लेड-अ‍ॅसिड) बॅटरीवरही एवढंच दिसायचं, आणि रात्री पंखा लावला की तासाभरात इन्व्हर्टर बोंबलायचा. शेवटी बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर आणला (दोनेकशे रुपयांची काचेची नळी, आधीच घ्यायला हवी होती). बॅटरीच्या सहा सेलपैकी (कप्प्यांपैकी) पाचांत घनता १.२४०, सहाव्यात १.१५०, म्हणजे तोच कमजोर! सेलचा व्होल्टेज साधारण घनता अधिक ०.८४, म्हणजे एवढ्या फरकाने एकूण व्होल्टेज जेमतेम ०.०९ ने उतरतो. मीटरवर कळणार कसं?

आणि डिस्टिल्ड वॉटर टाकल्या टाकल्या घनता मोजू नका. पाणी वरच राहतं, रीडिंग खोटं येतं. एकदा पूर्ण चार्ज होऊ द्या, मग मोजा.