आईला डॉक्टरांकडे नेताना काय तयारी करता?

प्रश्न:
आईला शुगर आणि बीपी दोन्ही आहे, घरी रोज चक्कर येते म्हणते आणि डॉक्टरांसमोर बसली की "बरंय सगळं"! मग परत येताना रिक्षात एकेक आठवतं. काय करू?

साताऱ्याची लेक:
माझे बाबा पण तसेच. मी आदल्या रात्री वहीच्या पानावर लिहून काढते, सगळ्यात त्रासाचं पहिलं, कारण शेवटी ठेवलं की राहूनच जातं. चक्कर उठताना येते की जेवायला उशीर झाल्यावर, हे नक्की लिहा.

नाशिककर:
गोळ्यांची पिशवीच न्या. आमच्या आत्याच्या पिशवीत गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली पेनकिलर निघाली, रोज घेत होती, डॉक्टरांनी तिथेच बंद केली, शुगर-बीपीवाल्यांच्या किडनीला ती बाधू शकते म्हणे. काढा-चूर्ण पण दाखवा, लपवू नका.

वैदर्भी:
घरी बीपी मोजून न्या, 5 मिनिटं शांत बसून, चहानंतर अर्धा तास थांबून. एचबीएवनसीचे जुने रिपोर्ट पण, त्यात मागच्या 2-3 महिन्यांच्या शुगरची सरासरी कळते. आणि उठायच्या आधी "म्हणजे ही गोळी जेवणाआधी ना?" असं विचारून घ्या.

प्रश्नकर्ती:
पिशवीचं डोक्यातच नव्हतं! आजच आईचा डबा उघडते.