रेंजफाइंडरवर हात बसवायचाय, सराव काय काय करू?

नौपाडाकर
नमस्कार मंडळी. काकांच्या कपाटातनं कॅनोनेट क्यूएल १७ जी-थ्री मिळालाय, ४० एमएम एफ १.७ वाला. रेंजफाइंडर आहे, म्हणजे दोन प्रतिमा एकावर एक जुळवून फोकस करायचा फिल्म कॅमेरा. शटर व्यवस्थित आहे, त्याची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही म्हणून मीटरिंग (उजेड मोजणं) मोबाईलवर करतो. एचपी ५ (ब्लॅक अँड व्हाइट फिल्म) चे दोन रोल झाले, ठाण्यात तलावपाळीला आणि घरात. बसलेली माणसं छान आलीत पण चालणारं कोणी असलं की मी पॅच (व्ह्यूफाइंडरच्या मधोमध दिसणारी डबल इमेज) जुळवेपर्यंत ते पुढे गेलेलं असतं, फोकस मागच्या भिंतीवर. पाडव्याच्या स्वागतयात्रेला हाच कॅमेरा न्यायचाय, काका दरवर्षी न्यायचे. नुसतं फिरून हात बसेल असं वाटत नाही, ठरवून करायचा अभ्यास सांगा.

वाशी_झोर्की
आठवडाभर रोल घालूच नका. माझा झोर्की ४ आहे, तोही रेंजफाइंडरच, मी असंच केलं आणि सगळ्यात जास्त त्यातच शिकलो. एक सवय लावा, फोटो झाला की लेन्स परत इन्फिनिटीला (सगळ्यात लांबच्या अंतराला), म्हणजे पुढच्या वेळी रिंग कुठल्या बाजूला फिरवायची याचा विचारच करावा लागत नाही. दुसरं म्हणजे पॅच उभ्या रेषेवर जुळवा, दाराची चौकट, विजेचा खांब, शर्टाची बटणपट्टी. रेंजफाइंडरच्या दोन्ही खिडक्या आडव्या ओळीत असतात त्यामुळे डबल इमेज आडवी सरकते, आडव्या रेषेवर काही कळतच नाही, तिथे कॅमेरा उभा धरायचा. आणि अंतराचा अंदाज. घरात दोन फुटी लाद्या असतील तर पाच लाद्या म्हणजे तीन मीटर. रस्त्यात आधी मनात आकडा म्हणा, मग पॅच जुळवून लेन्सवरचा आकडा बघा. चार-पाच दिवसात डोळा तयार होतो, खरंच.

तीन_मीटर
वरचं झालं की एक अख्खा रोल एकाच अंतरावर काढा, माझ्या मते तुमचा आजार याच औषधाने जाईल. लेन्स तीन मीटरला, अ‍ॅपर्चर एफ ८, रिंगला हात लावायचा नाही. ४० एमएमला साधारण दोन ते साडेपाच मीटरमधलं सगळं चालण्याइतकं शार्प येतं. सकाळी जांभळी नाक्याच्या मार्केटमध्ये जा, सावलीत ४०० च्या फिल्मला शटर १/१२५ च्या आसपास बसेल, मोबाईलवर एकदा बघून घ्या. माणूस लांब असेल तर तुम्ही पुढे जायचं, जवळ आला तर मागे सरकायचं, म्हणजे फोकस पायांनी. भाजीवाल्या मावशींशी आधी दोन शब्द बोला, भाजी घ्या, मग कॅमेरा काढा. प्रत्येक फ्रेमचं अंतर वहीत लिहा आणि निगेटिव्ह आल्यावर वही शेजारी ठेवून बसा, कुठे दोन मीटरला तीन समजलात ते तिथेच दिसतं.

सेक्टर८_बेलापूर
झोन फोकस (हेच, अंतर आधीच लावून ठेवणं) शिकाच पण फक्त तेवढ्यावर थांबू नका, नाहीतर सगळे फोटो तीन मीटरचेच होतात. रेंजफाइंडरची खरी मजा म्हणजे फ्रेमच्या बाहेरचं पण दिसतं, कोण येतंय ते आधीच कळतं. आमच्याकडे चार्ल्स कोरियांनी केलेलं आर्टिस्ट व्हिलेज आहे, छोट्या छोट्या चौकांभोवती घरं. तिथल्या एका चौकात मी अर्धा तास एकच फ्रेम धरून थांबायचो, माणूस व्ह्यूफाइंडरमधल्या फ्रेमच्या पांढऱ्या रेषेत शिरेपर्यंत बटण दाबायचं नाही. एका सकाळी जास्तीत जास्त १२ फोटो. (राहणाऱ्यांना विचारून हं, लोकांची घरं आहेत ती.)

अजून एक, घरी करण्यासारखं. तुळशीची कुंडी एक मीटरवरून काढा, मागे खिडकीचे गज येऊ देत. तुमच्या कॅमेऱ्यात जवळ फोकस केला की फ्रेमच्या रेषा आपोआप सरकतात पण व्ह्यूफाइंडर लेन्सच्या डावीकडे वर आहे, त्यामुळे फोटोत कुंडी गजांच्या मानाने थोडी डावीकडे वर गेलेली दिसेल. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की जवळच्या फोटोत आपोआप जागा सोडता.

नौपाडाकर
खूप आभार सगळ्यांचे. लाद्या मोजल्या, दोन फुटीच आहेत. रविवारी सातला जांभळी नाका. यात्रेत भर उन्हात काय ठेवू?

तीन_मीटर
एफ १६, १/५००, लेन्स तिथेच तीन मीटरला. ढोलवाल्यांच्या दीड-पावणेदोन मीटरपर्यंत जवळ जाता येईल. सावलीत शिरलात की मात्र लगेच एफ ८, १/१२५ वर या, तिथे विसरायला होतं.