मदत हवी आहे : टेनर जिल्बेर द्युप्रेचा आवाज इतक्या लवकर का उतरला?

नमस्कार मंडळी,

फ्रेंच टेनर (उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक) जिल्बेर द्युप्रे (१८०६–१८९६) याच्यावर मी दिवाळी अंकासाठी लेख लिहीत आहे. पाश्चात्त्य कंठसंगीत शिकलेल्या किंवा शिकवणाऱ्या सभासदांची मला एका मुद्द्यावर मदत हवी आहे.

पॅरिसमध्ये संगीतशिक्षक शोरों यांच्याकडे शिकलेल्या द्युप्रेने १८२५ साली ओदेओं नाट्यगृहात पदार्पण केले, परंतु तेव्हा त्याचा आवाज लहान होता आणि त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. तो इटलीला गेला आणि तिथे त्याचा आवाज पालटला. १८३१ साली लुक्का येथे रोसिनीच्या ‘गिय्योम तेल’ या ऑपेरात (गायनप्रधान संगीत नाटकात) आर्नोल्डची भूमिका करताना त्याने टेनरच्या पट्टीतला अतिउंच स्वर, म्हणजे वरचा ‘सी’, छातीच्या (छातीत घुमणाऱ्या) भरदार आवाजात लावला. पुढे १८३५ साली नेपल्सला दोनिझेत्तीच्या ‘लूचिया’ या ऑपेरात एदगार्दोची भूमिका प्रथम गाणारा तोच होता. १८३७ मध्ये पॅरिस ऑपेरात त्याने पुन्हा आर्नोल्ड गायला आणि प्रेक्षक अक्षरशः वेडे झाले. स्वतः रोसिनीला मात्र तो स्वर मुळीच रुचला नाही.

आर्नोल्डची भूमिका १८२९ साली प्रथम गाणारा आदोल्फ नुरी हेच वरचे स्वर हलक्या, शिराच्या (डोक्यात घुमणाऱ्या) आवाजात घेत असे. द्युप्रेला आपल्या बरोबरीचे स्थान मिळणार हे कळताच नुरीने पॅरिस ऑपेरा सोडला, नवी पद्धत शिकण्यासाठी तोही इटलीला गेला आणि १८३९ साली नेपल्समध्ये त्याने आपले जीवन संपवले. इतक्या सुसंस्कृत गायकाचा असा शेवट व्हावा, हे लिहिताना फार जड जाते.

आता माझी अडचण. पॅरिसमधील त्या विजयानंतर जेमतेम दहा-बारा वर्षांतच द्युप्रे रंगभूमीवरून जवळजवळ बाजूला झाला. शिकवणे मात्र त्याने १८४२ पासूनच सुरू केले होते. याचे खापर सहसा त्या ‘सी’वर फोडले जाते. स्वरयंत्र खाली ठेवून गडद आवाजात वर चढण्याच्या या रीतीवर १८४० साली दिदे आणि पेत्रकँ या ल्योंच्या दोन डॉक्टरांनी प्रबंधही लिहिला होता. पण आजचे कित्येक टेनर तोच स्वर भरदार लावून दीर्घकाळ गातात, मग दोष त्या स्वराचा कसा म्हणायचा? मला वाटते की खरा भार भूमिकांचा असावा; आर्नोल्डचे ते अवघड ‘सी’ चौथ्या अंकात, म्हणजे गळा पुरेसा थकल्यावर येतात, आणि मागे भलामोठा वाद्यवृंद असतो.

आजचे गायक छातीचा आवाज जसाच्या तसा वर नेतात, की मध्यसप्तकाच्या वर त्यात शिराचा आवाज मिसळत जातात? ज्यांनी स्वतः हे केले आहे, त्यांनी गळ्यात नेमके काय घडते ते कृपया सविस्तर लिहावे. त्या चौथ्या अंकातील गाण्याची, दोन्ही पद्धतींतला फरक कानाला कळेल अशी ध्वनिमुद्रणे सुचवलीत तरी मोठी मदत होईल.